तो रॉलीकॉर्ड भंगारात देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची आवराआवर करताना सासऱ्यांचा रॉलीकॉर्ड कॅमेरा हाती लागला. ब्राउनश्वाइगच्या फ्रांके अँड हायडेके कंपनीचा, १९५० च्या दशकातला. मुलगा म्हणाला, "शोकेसमध्ये ठेव." आपल्या शहरातल्या एका दुकानदारानेही तेच सांगितलं, वर फुकटात न्यायची तयारी दाखवली! मी नाही दिला.

याला एकावर एक दोन भिंगं: वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालायची, त्यामुळे मामंजी समोरच्याला नमस्कार करताहेत असंच वाटे. काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं. पळणारं पोर पकडताना माझी आजही त्रेधा उडते. १२० क्रमांकाच्या फिल्मरोलवर जेमतेम बारा फोटो. म्हणून लग्नात ते आधी सगळ्यांना ओरडून सरळ उभं करत, मगच खटका दाबत.

दोष एकच निघाला: एक सेकंदावर लावलं की शटर उघडंच राही. आतलं जुनं वंगण घट्ट झालं होतं. मुंबईच्या एका म्हाताऱ्या कारागिराने ते साफ करून दिलं. भिंगाला बुरशी नव्हती, हे नशीब. आपल्याकडचा पावसाळा कातडी पेटीतल्या कॅमेऱ्याला फार वाईट.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला याच वडोदऱ्यात राहत होत्या, त्यांच्या हातीही याच कंपनीचा रॉलीफ्लेक्स असे. इथल्या एखाद्या संग्रहालयाने वर्षातून एक दिवस असे कॅमेरे मुलांच्या हातात द्यावेत. माझा मी घेऊन येईन, रोलसकट.

— एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, वडोदरा