हप्त्यावर कॉम्प्युटर नको, सई

वाई,
७ डिसेंबर २०२५

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, आता पगार सुरू झालाय, तुला नवीन कॉम्प्युटर घेऊन टाकते, बारा हप्ते आहेत, कळायचेही नाहीत." तेव्हा समोर गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणून मी हो-ना काहीच बोलले नाही. आज रविवार, दुकान बंद आहे, तर सविस्तर लिहिते. घेऊ नकोस. तुझ्या मनात आलं यानेच मला भरून आलं, पण हे यंत्र माझ्या पोटापाण्याचं आहे आणि त्याचा निर्णय मी नीट बघून घेतलाय. तो कसा घेतला तेही तुला कळायला हवं, नाहीतर तुला वाटेल आई पैसे वाचवायला कुढत बसलीय.

दिवाळीत तू पाहिलंस ते खरंच होतं. सकाळी बटण दाबायचं, दुकान झाडायचं, देवापुढे उदबत्ती लावायची, तरी पडद्यावर चकरी फिरतच असायची. वहीत वेळ लिहून ठेवायला लागले तेव्हा कळलं, सुरू व्हायला सात मिनिटं आणि पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर, कोरल, उघडायला आणखी चार. मेणवलीचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नपत्रिकेत आजोळचं आडनाव दुरुस्त करायला आले होते. एका शब्दाचं काम, बिचारे वीस मिनिटं बसून राहिले. त्या दिवशी मला फार लाजल्यासारखं झालं. साताऱ्याच्या एका दुकानात विचारलं, तर न बघताच म्हणाले, "अकरा वर्षांची मशिन आहे ताई, मदरबोर्ड संपला, नवीनच घ्या." मॉनिटर सोडून सेहेचाळीस हजारांचं कोटेशन हातात दिलं.

तो कागद घेऊन एसटीत बसले आणि मनात आलं, बोर्ड संपला हे त्यांना न उघडता कसं कळलं? घरी येऊन कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. तूच कधीतरी दाखवला होतास. तीन दिवस काम करताना तो एका बाजूला उघडा ठेवला. प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांच्या वर जाईना. मेमरी चार जीबीपैकी साडेतीन भरलेली. आणि डिस्क? सकाळी चालू केल्यापासून अर्धा तास शंभर टक्के, लालभडक. लग्नघरात आचारी हात धुऊन बसलाय आणि कोठीतून सामान आणणारा एकटाच धावतोय, तसं चाललं होतं. वर मेमरी भरली की विंडोज उरलेला पसारा त्याच डिस्कवर नेऊन ठेवतं, म्हणजे त्या एकट्याच्या डोक्यावर आणखी ओझं.

जुनी हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी आणि तिच्यावर पुढेमागे सरकणारा एक हात. एकच मोठी फाइल सलग वाचायची तर ती बरी चालते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इथूनतिथून मागतं, आणि दर वेळी त्या हाताला जागा बदलावी लागते. एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती ठेवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच, म्हणून फरक सगळ्यात जास्त तिथेच पडतो. हे समजल्यावर आपल्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या मुलाला घरी बोलावलं. मशिन माझ्या डोळ्यांसमोरच उघडायची, ही अट घातली.

सई, आत काय होतं म्हणून सांगू! प्रोसेसरवरच्या पंख्याखाली अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्या फटींत धूळ इतकी घट्ट बसली होती की बोटाने ओढली तर कापसाच्या वातीसारखी अख्खी लांब निघाली. प्रोसेसरची उष्णता त्या पट्ट्यांकडे पोचवणारी थर्मल पेस्ट पानाच्या डब्यातल्या वाळलेल्या चुन्यासारखी झालेली, नखाने खरवडली तर पापुद्रे पडले. ब्लोअर मारताना त्याने पंख्याच्या पात्यात पेन अडकवला, नाहीतर हवेने पंखा वेडावाकडा फिरतो आणि बिघडतो. बोर्डावरचा, मशिनचं घड्याळ चालू ठेवणारा गोल सेलही बदलला, सीआर २०३२. सईबाई, ऑगस्टपासून बँकेची साइट उघडताना "सुरक्षित नाही" असं येत होतं, व्हायरस आला म्हणून मी घाबरून बसले होते ना? व्हायरस नव्हता. सेल मेल्यामुळे रात्री वीज गेली की तारीख पार मागे, २०१४ सालात जायची. मग साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला जुळायचं नाही. चाळीस रुपयांचा सेल!

मग पाचशे जीबीची एसएसडी बसवली. मुलाने केबल जिथे हाताला आली तिथे खोचली होती. मी चष्मा लावून बोर्डावरची बारीक अक्षरं वाचली. आपल्या एच ८१ बोर्डावर ही केबल लावायच्या चार जागा आहेत, त्यातल्या दोन सेकंदाला सहा गिगाबिटच्या आणि दोन तीनच्या. त्याने तीनच्या जागी लावली होती, म्हणजे अर्धा वेग वायाच गेला असता. त्याला बदलायला लावली. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर उतरवली, मेमरीची चार जीबीची जुळणारी जुनी डीडीआर ३ पट्टी रिकाम्या खाचेत घातली, म्हणजे आता आठ झाली. एसएसडी ३२००, पट्टी ६००, सेल ४०, पेस्ट १६०, मजुरी ५००. सगळे मिळून साडेचार हजार. आता सुरू व्हायला पाऊण मिनिटही लागत नाही. उदबत्ती मशिन लावायच्या आधी लावते, एवढाच बदल करावा लागला.

पण वेगापेक्षा मोठं कारण वेगळं आहे, आणि ते तुझ्या पिढीला चटकन सुचणार नाही. माझ्या अकरा वर्षांच्या पत्रिका, अहवाल, श्रद्धांजलीचे फलक, सगळं युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहे. त्या फाइलीत "क" हा क म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर क चं नुसतं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर नसेल तर "श्री गणेशाय नमः" च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे ज्याच्याशिवाय ते उघडत नाही तो डोंगल, मशिनच्या मागे खोचलेलं आहे, आणि नव्या विंडोजवर ते चालेल अशी हमी मला एकानेही दिली नाही. तुळशीचं लग्न झाल्यापासून पत्रिकांची रीघ लागलीय. जुनी गिऱ्हाइकं येतात आणि म्हणतात, थोरलीची होती तशीच धाकटीची करा. थोरलीची फाइल उघडली नाही तर मी त्यांना काय सांगू?

दुरुस्तीवाल्या मुलाने प्रोसेसर बदलायचंही सुचवलं होतं. आपल्या आय-फाइव्ह ४४४० च्या खाचेत आय-सेव्हन ४७९० बसतो, हे खरं आहे. पण ज्याच्यावर पंधरा टक्केच काम आहे त्याला बदलून काय मिळणार? आणि त्याच्या पुढचं काही घ्यायचं तर बोर्ड बदला, बोर्ड बदलला की डीडीआर ३ च्या पट्ट्या निकामी, आणि विंडोजचा परवाना बोर्डाशी बांधलेला, तोही नव्याने बघा. म्हणून या मशिनमध्ये यापुढे एक रुपयाही घालायचा नाही, हे मी ठरवलंय. बोर्ड खरंच गेला तर नवीनच घेईन.

तुझी खरी काळजी विंडोज १० ची आहे, मला माहीत आहे. १४ ऑक्टोबरला त्याचा आधार संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले, आणि विंडोज अकराला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आपला चौथ्या पिढीचा. युक्त्या करून अकरा बसवून देणारे आहेत, पण पोटाच्या मशिनवर मला युक्त्या नकोत. मायक्रोसॉफ्टने घरगुती मशिनसाठी वाढीव सुरक्षा अपडेट ठेवलेत, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन, मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून, सेटिंग्जची ऑनलाइन नक्कल ठेवणारं सिंक चालू करून पैसे न भरता माझं नाव घातलंय. बँकेचं आणि जीएसटीचं काम या मशिनवरून पूर्ण बंद केलं. या दहा महिन्यांत जुन्या फाइली थोड्या थोड्या युनिकोडमध्ये आणायच्या, मग पुढच्या दिवाळीला माझ्या पैशाने मशिन घ्यायची. आत्ता मेमरीचे भावही चढलेत, हा काही घेण्याचा महिना नाही.

आणि ओमला निरोप दे. मावशी म्हणाली, तो कुठल्याशा ऑफिसातून निघालेली जुनी मशिन घेतोय आणि "आय-सेव्हन" च्या स्टिकरवर खूश आहे. त्याला सांग, स्टिकर नको बघूस, पुढचा आकडा बघ. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, ८१०० म्हणजे आठवी. तिसऱ्या पिढीच्या आय-सेव्हनला अकरा चालत नाही, आठव्या पिढीच्या आय-थ्रीला चालतं. पैसे द्यायच्या आधी झाकण उघडून बघ म्हणावं, बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत का, पॉवर सप्लायला जळका वास येतो का. आणि अर्धा तास चालू ठेवून मगच घे. मोठ्या कंपन्यांच्या तयार छोट्या मशिनांत पॉवर सप्लाय आणि बोर्ड कंपनीच्याच मापाचे असतात, बिघडले तर बाजारातले सहसा बसत नाहीत, हेही सांग.

तुला द्यायचंच असेल तर मला एक गोष्ट दे. एक टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. सगळ्या पत्रिका आत्ता एसएसडीवर आणि जुन्या डिस्कवर आहेत, आणि जुनी मधूनमधून टक् टक् करते. ती आवाज करायला लागल्यापासून मला रात्री झोप लागत नाही, लोकांची कामं आहेत त्यात. नाताळच्या सुट्टीला येशील तेव्हा घेऊन ये, आणि सकाळच्या गाडीनेच ये, म्हणजे दुपारभर बसून दोघी मिळून कॉपी करू. डिंकाचे लाडू करून ठेवते.

तुझी,
आई