सूज की बाळसं

नाशिक,
रविवार, दुपार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडून म्हणालीस, "आई, मी एक विचारते आणि या बायका मान खाली घालून गप्प बसतात. वर पोर घेऊन जातात मांत्रिकाकडे!" मी तेव्हा काही बोलले नाही. रेंज जात होती, आणि बॉण्डच्या, म्हणजे डिग्रीनंतरच्या सक्तीच्या सरकारी नोकरीच्या, दुसऱ्याच महिन्यात कुणाला उपदेश नको असतो, हे मला कळतं. पण पत्र लिहिताना मला कुणी मधे तोडत नाही, म्हणून लिहितेय.

तुझ्या बालरोगाच्या पुस्तकात 'क्वाशिओरकोर' आहे ना, कुपोषणाने मुलं सुजतात तो आजार? परीक्षेला स्पेलिंग पाठ करताना तू वैतागली होतीस. तो शब्द लॅटिन नाही की ग्रीक नाही. आफ्रिकेतल्या अक्रा गावच्या बायकांच्या गा भाषेतला आहे. तो वैद्यकात आणला जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी.

बाईंचा जन्म १८९३ चा, जमैकाच्या वेस्टमोरलंडमधला. घराणं गोऱ्या मळेवाल्यांचं, पिढ्यान् पिढ्या बेटावर राहिलेलं, म्हणजे गरिबी त्यांच्या अंगावरची नव्हे, डोळ्यांनी पाहिलेली. नऊ वर्षांची असताना वडील म्हणाले म्हणे, हिला नवरा मिळणं कठीण, डॉक्टरच होऊ दे. (तुझ्या आजोबांनी माझ्या नर्सिंगच्या वेळी जवळजवळ हेच म्हटलं होतं. जाऊ दे.) ऑक्सफर्डला जागा मिळाली, पण बेटावर भूकंप-वादळांनी घरची वाताहत झालेली, म्हणून त्या आईवडिलांच्या मदतीला परतल्या. वडील गेल्यावर, तेविसाव्या वर्षी पुन्हा ऑक्सफर्ड गाठलं. महायुद्धामुळे पुरुष डॉक्टर कमी पडत होते, म्हणून बायकांना दार उघडलेलं. डिग्री १९२३ ला. नोकरीसाठी मात्र वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. १९२९ मध्ये गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, नेमणूक झाली. पदाचं नाव 'महिला वैद्यकीय अधिकारी', आणि पगार पुरुषांपेक्षा कमी.

तिथे दीड-दोन वर्षांची पोरं यायची. पाय सुजलेले, केस तांबूस पडलेले, कातडी भिंतीच्या जुन्या रंगासारखी पोपडे धरून सुटलेली. वरिष्ठ म्हणत, हा पेलाग्रा, म्हणजे जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा कातडीचा आजार. बाईंना ते पटेना. दगावलेल्या मुलांची शवविच्छेदनं त्यांनी स्वतः केली. आणि तुला सांगायचंय ते पुढेच आहे: त्यांनी बायकांना विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? बायका म्हणाल्या, क्वाशिओरकोर. पाठचं भावंड आलं की आधीच्या पोराला होतो तो आजार.

बघ, निदान नावातच होतं! पाठचं आलं, अंगावरचं दूध तुटलं, आणि पोर नुसत्या मक्याच्या पेजेवर आलं. १९३३ मध्ये बाईंनी हे छापलं. लंडनच्या एका मोठ्या तज्ज्ञाने खोडून काढलं, तेव्हा १९३५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुन्हा लिहिलं, आणि या वेळी बायकांचा शब्दच नाव म्हणून वापरला. ती सूज नेमकी कशाने येते, यावर अजून वाद चालू आहेत, तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण दूध कुठे तुटलं हे त्या बायांना लंडनच्या आधी कळलं होतं.

वरिष्ठांशी पटेना, म्हणून १९३६ मध्ये बदली मलायाला, म्हणजे आजच्या मलेशिया-सिंगापूरकडे. तिथे दूध कंपन्या नर्सच्या वेशातल्या बाया बाळंतिणींकडे पाठवत, गोड डबाबंद दूध खपवायला. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात बाईंनी भाषण दिलं, नावच 'दूध आणि खून'. असल्या दुधापायी बाळं मरतात त्याला खून म्हणा, असं तोंडावर सांगितलं. आपल्याकडे डब्यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आला १९९२ मध्ये. त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये बाई गेल्या, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी.

मधे दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपान्यांची कैद, बेरीबेरीने (जीवनसत्त्व ब-१ च्या कमतरतेने) बधिर झालेले पाय, मग जागतिक आरोग्य संघटनेत माता-बाल विभागाच्या पहिल्या प्रमुख. आणि तेवढं झाल्यावर पुन्हा जमैकात, मुलांच्या 'उलट्यांच्या आजारा'मागे. कच्च्या अॅकी फळाचं विष ते. सगळं लिहीत बसले तर रात्र होईल.

आता माझी एक गोष्ट, तुला कधी सांगितली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वॉर्डात एक पोर आलं, गोबऱ्या गालांचं. मी आईला म्हटलं, "छान बाळसं धरलंय की!" ती काही बोलली नाही. म्हातारी मावशी होती वॉर्डात, तिने पोराचं पाऊल हातात घेतलं, अंगठ्याने दाबून धरलं आणि सोडलं. खड्डा तसाच राहिला. भाकरीच्या पिठात बोट रुतावं तसा. "सिस्टर, ही सूज आहे," एवढंच म्हणाली. त्या आईला ते आधीपासून माहीत होतं. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं तिने. मी तिला बाळसं सांगत बसले होते.

म्हणून म्हणते, कुपोषण बघायला पोराचा दंडघेर मोज, पट्टी तर लावावीच लागते, पण त्याआधी ओट्यावर बैस पोराच्या आईशेजारी. टेबलाच्या पलीकडून विचारलंस की ती मान खालीच घालणार. तुझी आशाताई त्यांची वारली बोली बोलते का? तिला जवळ बसव. पाठीवर पाठ आहे का, दूध कधी तोडलं, घरात काय शिजतं, हे विचारताना फॉर्म नको हातात.

तुझ्या बाबांसोबत नागलीचं सत्त्व आणि लसणाची चटणी पाठवतेय. सत्त्व सगळं वाटून टाकू नकोस, तूही खा, फोटोत गाल बसलेत तुझे.

आणि त्या पाड्यावर अशा सुजेला काय म्हणतात, ते विचारून मला कळव.

तुझी,
आई