शाळेत लघवीची चाचणी: अमेरिकेचा दाखला देण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात अलीकडे एक मागणी वारंवार दिसते. शाळकरी मुलांपर्यंत नशेचे पदार्थ पोहोचले आहेत, तेव्हा शाळेतच मुलांची अचानक चाचणी घ्या, अमेरिकेतल्या सरकारी शाळांत हे वर्षानुवर्षे चालते, मग आपल्याकडे का नको? मी मूळची सांगलीची. बरीच वर्षे न्यू जर्सीत राहते आणि माझी दोन्ही मुले इथल्या सरकारी शाळेतच शिकली. पत्रे लिहिणाऱ्या पालकांची भीती मला कळते, तिच्यात खोटे काही नाही. पण ज्या अमेरिकेचा दाखला दिला जातो, तिथली गोष्ट अर्धीच सांगितली जाते. राहिलेली अर्धी सांगावी म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे इथेही सगळ्या मुलांची सरसकट चाचणी होत नाही. ओरेगन राज्यात व्हर्नोनिया नावाचे लाकूडतोडीवर जगणारे एक छोटे गाव आहे. तिथल्या शाळांनी १९८९ मध्ये खेळाडूंसाठी अचानक चाचणीचा नियम केला. १९९१ मध्ये सातवीतल्या जेम्स अ‍ॅक्टन या मुलाला फुटबॉलच्या संघात जायचे होते. त्याच्यावर कोणाचा संशय नव्हता, पण आईवडिलांनी संमतीपत्रावर सही करायला नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९५ मध्ये सहा विरुद्ध तीन अशा मतांनी न्यायालय शाळेच्या बाजूने उभे राहिले. खेळाडूच गावातल्या नशेच्या टोळक्याचे म्होरके आहेत आणि नशेत खेळले तर दुखापत होते, असे शाळेचे म्हणणे होते.

नंतर ओक्लाहोमातल्या टेकमसे गावाने हाच नियम गायनवृंद, बँड, प्रश्नमंजूषेचा संघ, शेतीविषयक मंडळ अशा सगळ्या स्पर्धात्मक उपक्रमांना लावला. लिंडसे अर्ल्स ही गाणारी, बँडमध्ये वाजवणारी, अभ्यासात पुढे असलेली मुलगी न्यायालयात गेली. २००२ मध्ये ती हरली, पण पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मतांनी. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात नेमके दुखण्यावर बोट ठेवले: शाळा सुटल्यावर गाण्याच्या, बँडच्या तालमीला थांबणारी मुले ही मुळात नशेकडे वळण्याची शक्यता सर्वांत कमी असलेली मुले आहेत. त्याच खटल्यातली आणखी एक तक्रार मला विसरता येत नाही. चाचणीत चुकीचा निकाल येऊ नये म्हणून मुलांना आपली चालू औषधे लिहून द्यावी लागत. गायनाच्या शिक्षिकेने त्या याद्या वाचल्या आणि इतर मुलांना दिसतील अशा ठिकाणी ठेवल्या, असे मुलांचे म्हणणे होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला कोणत्या गोळ्या चालू आहेत हे वर्गाला कळणे म्हणजे काय, ते मुलींच्या आयांना समजावून सांगायला नको.

आमच्या राज्यात, शेजारच्या हंटरडन काउंटीतल्या शाळेचे प्रकरण २००३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही शाळेच्या बाजूने निकाल लागला. त्या योजनेत खेळाडू होतेच, शिवाय कोणत्याही मंडळात असलेली मुले आणि शाळेच्या आवारात गाडी लावण्याचा परवाना घेणारी मुलेही होती. उलट वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की आमच्या राज्यघटनेत हे बसत नाही. म्हणजे ‘अमेरिकेत चालते’ हे विधान राज्याची हद्द ओलांडली की बदलते.

माझ्या मुलीच्या शाळेचे नाव देत नाही. ती नववीत गेली तेव्हा तिला बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे होते. बँडच्या गणवेशाच्या मापाचा कागद, सहलीच्या परवानगीचा कागद आणि त्यांच्याच गठ्ठ्यात चाचणीचे संमतीपत्र. कागदावर ‘ऐच्छिक’ असे लिहिले होते. सही केली नाही तर बँड नाही. आम्ही सही केली. जवळजवळ सगळेच करतात.

तिचे नाव निघाले ते अकरावीत, गणिताचा तास चालू असताना. वर्गाच्या दारात चिठ्ठी आली. अशी चिठ्ठी कशाची असते ते वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असते. नर्सच्या खोलीत दप्तर आणि जॅकेट बाहेर ठेवायचे, संडासातल्या पाण्यात निळा रंग टाकलेला, नळ बंद केलेला, म्हणजे नमुन्यात पाणी मिसळता येऊ नये. कपाला बाहेरून एक पट्टी चिकटवलेली, लघवी शरीराइतकी गरम आहे का ते दाखवणारी. दाराबाहेर एक बाई उभ्या. मुलीला होईना. पाणी पाजून तिला बसवून ठेवले आणि दुसऱ्या तासाची घंटा त्या खोलीतच झाली. निकाल अर्थातच स्वच्छ आला. त्या संध्याकाळी ती मला एवढेच म्हणाली, “आई, मी काय केलं होतं?” तिच्याशी कोणी वाईट वागले नव्हते. नर्सबाई प्रेमळ होत्या. नियमच असा होता की काही न केलेल्या मुलीने आपण काही केले नाही हे शरीरातून काढून दाखवायचे.

हे सगळे करून नशा कमी होत असती तर मी हा अपमान गिळायला तयार झाले असते. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभरातल्या सुमारे ७६ हजार विद्यार्थ्यांची माहिती तपासली. चाचणी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या शाळांतल्या मुलांच्या नशेच्या प्रमाणात त्यांना फरक आढळला नाही. न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगते. अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने ३६ शाळांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. चाचणीच्या कक्षेतल्या मुलांपैकी १६ टक्क्यांनी गेल्या महिन्यात नशा केल्याचे सांगितले, तर चाचणी नसलेल्या शाळांतल्या तशाच मुलांत हे प्रमाण २२ टक्के होते. हा फरक आहे, तो मी नाकारत नाही. पण त्याच अभ्यासात पुढच्या वर्षी नशा करण्याचा इरादा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच निघाला आणि चाचणीच्या कक्षेबाहेरच्या मुलांवर काहीच परिणाम दिसला नाही. हंगामापुरते थांबणे आणि व्यसनापासून दूर राहणे यांत अंतर आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये शाळांतल्या अशा चाचणीला विरोध नोंदवला आहे. मुलांच्या डॉक्टरांचे म्हणणे आपण ऐकणार की नाही?

चाचणीला काय दिसते आणि काय दिसत नाही हेही पाहा. गांजाचा अंश लघवीत कित्येक दिवस, नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडेही राहतो. दारू साध्या चाचणीतून काही तासांत निसटते. शनिवारी रात्री पार्टीला जाणारा मुलगा हे गणित बरोबर ओळखतो. फेंटानिल या अतिशय तीव्र, अफूसारख्या कृत्रिम औषधाच्या बनावट गोळीने इथे कित्येक कोवळी मुले एका गोळीत गेली आहेत, आणि नेहमीचे पाच प्रकारचे पदार्थ शोधणाऱ्या स्वस्त चाचणीत ते फेंटानिल पकडले जात नाही. पकडली जाते ती खसखस. अफूच्या बोंडातला चीक दाण्याला लागलेला असतो, त्यामुळे खसखस भरपूर खाल्ली की लघवीत मॉर्फिन दिसू शकते. म्हणूनच इथल्या केंद्र सरकारने नोकरदारांच्या चाचणीतली या पदार्थांची मर्यादा १९९८ मध्ये दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. दिवाळीत अनारसे खाल्लेल्या मुलाला शाळेत खुलासा द्यावा लागेल या भीतीने आमच्या ओळखीच्या एका घरात फराळाला खसखस लावणे बंद झाले होते.

पण माझा मुख्य आक्षेप याहून मोठा आहे. आमच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबातला मुलगा दहावीत गांजा ओढू लागला. चाचणीच्या यादीत नाव येऊ नये म्हणून त्याने काय करावे? संघ सोडला. एका सहीनिशी तो यादीतून बाहेर पडला आणि दुपारी तीन ते सहा या वेळात त्याच्यावर नजर ठेवणारा प्रशिक्षकही त्याच्या आयुष्यातून गेला. घरी सांगितले की गुडघा दुखतो. ज्याला पकडण्यासाठी जाळे टाकले तोच बाहेर, आणि क्लॅरिनेट वाजवणारी माझी मुलगी आत. पुढे त्याच्या एका मित्राने धीर करून शाळेच्या समुपदेशक बाईंना सांगितले. बाईंनी मुलाला बोलावून घेतले, आधी त्याच्याशी बोलल्या, मग आईवडिलांना विश्वासात घेतले. तो सावरला. मित्र बोलला, कारण बाईंकडे गेल्यावर शिक्षा होत नाही हे मुलांना ठाऊक होते. ज्या शाळेत चाचणीच्या धाकाने मुले मोठ्या माणसांना टाळू लागतात तिथे हा मित्र तोंड उघडत नाही.

आता महाराष्ट्राकडे येते. अमेरिकेतल्या न्यायालयांनी चाचणीला परवानगी देताना एका गोष्टीवर भर दिला: निकाल पोलिसांकडे जात नाही, मुलाच्या शिक्षणावर परिणाम होत नाही, फार तर काही काळ संघाबाहेर बसावे लागते. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाच गुन्हा आहे. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४-अ खाली संरक्षण मिळू शकते, पण चिठ्ठी पाठवून बोलावलेला मुलगा स्वतःहून आलेला नसतो. शाळेच्या कपाटात ठेवलेला तो निकाल उद्या कोणाच्या हाती पडेल? अनेक शाळांत नर्स नाही, निकाल तपासून पाहणारा डॉक्टर नाही, एका वर्गात साठ मुले आहेत. पहिल्या दिवशीच मुलाचे नाव व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर जाईल आणि दुसऱ्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला हातात पडेल, ही भीती मला अतिशयोक्तीची वाटत नाही.

शिवाय आपली मुले कशाची नशा करतात? एम्सच्या तज्ज्ञांनी केलेले देशव्यापी सर्वेक्षण केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला, ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा दहा ते सतरा वयोगटात जास्त आहे. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्युशन. साध्या कपात यातले काहीही दिसत नाही. मेफेड्रोन, म्हणजे ज्याला सगळे ‘एमडी’ म्हणतात, तेही स्वस्त पट्टीवर भरवशाने उमटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडले. माल तिथे तयार होत होता. शोध सातवी ‘ब’च्या मुताऱ्यांत घ्यायचा की तिथे?

कायदे आहेत. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सांगलीला येते तेव्हा माझ्या जुन्या शाळेच्या फाटकासमोरची टपरी बघते. पुड्यांच्या माळा दर्शनी लटकतात आणि मधल्या सुट्टीत गणवेशातली मुले तिथे उभी असतात. त्या टपरीपासून फाटकापर्यंतचे अंतर मोजायला कपही लागत नाही आणि कोणाच्या संमतीची सहीही. चाचणीची मागणी करणाऱ्या पालकांनी आपल्या शाळेचा पहिला प्रश्न तिथून विचारावा. दुसरा असा की शाळेत पूर्णवेळ समुपदेशक आहे का आणि मुलाने तिथे सांगितलेले मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाणार नाही याची हमी कोण देते? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर केंद्राला शाळकरी मुलांतल्या व्यसनासाठी राष्ट्रीय आराखडा करायला सांगितले होते. त्यातले आपल्या जिल्ह्यात काय पोहोचले, हे आपल्या वार्ताहरांनी शिक्षणाधिकाऱ्यांना विचारले तर वाचक म्हणून मी ऋणी राहीन.

तोपर्यंत एक विनंती. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे आणि अडचणीतल्या मुलांसाठी १०९८. हे दोन क्रमांक या पत्राखाली जरा ठळक छापावेत.

आपली,
एक पालक, सॉमरसेट काउंटी, न्यू जर्सी