नाला सरकारचा, क्षारपड रान आमचे : मंत्रिमहोदयांस खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आपण शिरोळ तालुक्यात आला होता आणि आमच्या शिवारातील मुख्य नाला पावसाळ्यापूर्वी खोल व रुंद करून देण्याचे भर सभेत जाहीर केले होते. टाळ्या आम्हीच वाजवल्या. तो पावसाळा सरला, दुसरा तोंडावर आला, तरी नाल्यात कमरेएवढा गाळ आहे आणि त्यावर पाणकणीस माजले आहे. गेल्या आठवड्यात वळवाचा एकच जोराचा पाऊस झाला. तेवढ्याने नाला तुंबला, आमच्या निचरा पाइपांची तोंडे पाण्याखाली गेली आणि सुरू हंगामातील लागणीचा ऊस मुळाशी पाणी साचून पिवळा पडू लागला.

आपल्या टेबलावर अनेक विषय असतात, म्हणून थोडक्यात सांगतो. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांच्या आमच्या तालुक्यात काळी, भारी जमीन आहे. तिला पाणी मिळाले, पण निचरा मिळाला नाही. भूजल वर आले, उन्हाळ्यात त्याची वाफ होत गेली आणि क्षार पृष्ठभागावर पांढरे होऊन बसले. माझ्या वडिलांनी ज्या रानात एकरी 50 टनांवर ऊस काढला, त्याच रानात पुढे कित्येक वर्षे बाभळीखेरीज काही उगवले नाही. सातबारा दाखवला तरी पीककर्ज मिळेना, कारण पीकच नव्हते. शेतसारा मात्र कधी चुकला नाही. घरात सोयरीक आली की पाहुणे आधी रान बघायला जात आणि बघून आल्यावर चहाही न घेता निघत. हे दुःख कोणत्या अर्जाच्या रकान्यात भरायचे, ते आपणच सांगावे.

श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने तालुक्यात क्षारपडमुक्तीचे काम उभे राहिले, तेव्हा आमच्याही गावाने कंबर कसली. तीन-चार फूट खोल चर काढून, गाळणीचे कापड गुंडाळलेले सच्छिद्र पाइप टाकायचे, ते मोठ्या पाइपाला जोडायचे आणि पाणी नाल्यात सोडायचे, अशी ही पद्धत आहे. एकाचा पाइप दहाजणांच्या रानातून जातो. जिथे बांधाच्या वितीवरून डोकी फुटतात, तिथे या दहाजणांनी लेखी संमती दिली, ही गोष्ट आपल्या सचिवांना किरकोळ वाटेल, आम्हाला ती वाटत नाही. एकरी लाखाच्या घरात खर्च आला आणि बहुतेकांनी तो कर्जाने उभा केला. माती तपासून घेतली, चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेली, निघाली तिथे जिप्सम घातले, हिरवळीच्या खतासाठी ताग गाडला. क्षार उतरले आणि ऊस पुन्हा उभा राहिला.

आता उरला तो नाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार नद्या-नाल्यांची पात्रे राज्य शासनाच्या मालकीची आहेत आणि कलम 50 अन्वये त्यांवरील अतिक्रमण काढण्याचा अधिकारही शासनाचाच आहे. आम्ही स्वतः यंत्र लावायला गेलो, तर परवानगी विचारली गेली. परवानगी मागितली, तर हा नाला आपल्याकडे येतच नाही असे एका कार्यालयाने कळवले, आणि दुसऱ्याने आम्हाला पुन्हा पहिल्याकडे धाडले. मालकी सिद्ध आहे, फक्त मालक सापडत नाही.

शेतकरी ऊस बुडवून पाणी देतो, असा उपदेश आम्हाला वारंवार ऐकवला जातो. वर्षानुवर्षे शेतीची वीज रात्री-अपरात्री कोणी दिली? मोटार चालू करून बांधावर झोपी जाणाऱ्या माणसाकडून काटेकोर पाणी व्यवस्थापनाची अपेक्षा दिवसा वातानुकूलित खोलीत बसूनच करता येते. 2005, 2019 आणि 2021 मध्ये महापूर आले, पाहणी दौरे झाले, बोटीतील छायाचित्रे छापून आली. पूर ओसरल्यावर रानातले पाणी कुठून बाहेर पडणार, हा प्रश्न मात्र पंचनाम्यात बसत नाही. ज्या जिल्ह्यात शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण हाती घेतले, ज्याच्या नावाने राज्यभर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ओळखले जातात, तिथे आज नाल्यातला गाळ निघत नाही. पाणी अडवण्याच्या कामाला कोनशिला बसते, फीत कापता येते. पाणी वाहून जाण्याच्या कामाला तशी सोय नाही. पाटबंधाऱ्यांवर खर्च करणाऱ्या शासनाने निचऱ्याचा हिशेब त्याच अंदाजपत्रकात धरला असता, तर आमच्यावर कर्ज काढण्याची वेळ आली नसती.

मृग निघण्यापूर्वी गावनकाशाप्रमाणे नाल्याची मोजणी व्हावी, अतिक्रमणे निघावीत आणि नदीपर्यंत गाळ काढला जावा. मधलाच तुकडा उकरून बिल काढू नये, कारण पुढचे तोंड बंद असेल तर पाणी पुन्हा आमच्याच रानात येते. पोकलेनच्या डिझेलचा खर्च वर्गणीतून उचलण्याची तयारी ग्रामसभेने ठरावाने कळवली आहे. तो ठराव आपल्या कार्यालयात पोहोचला असून त्यावर आवक क्रमांकही पडलेला आहे.

आपला,
शिरोळ तालुक्यातील एक ऊस उत्पादक शेतकरी