स्टीव्ह ब्लूमर : कोल्हापूरच्या मित्रास पत्र

प्रिय संभाजी,

सप्रेम नमस्कार.

मागच्या हंगामात शाहू स्टेडियमवर सामना सुटल्यावर तू विचारले होतेस की, पैसे घेऊन फुटबॉल खेळण्याची नुकतीच सुरुवात झाली होती, त्या काळात गोल मारण्यात सर्वांत तरबेज कोण होता. त्या गर्दीत नीट बोलता आले नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो. माझ्या लेखी नाव एकच : इंग्लंडमधल्या डर्बी काउंटी क्लबचा स्टीव्ह ब्लूमर.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने मोबदला घेऊन खेळण्यास १८८५ मध्ये मान्यता दिली, १८८८ मध्ये लीग, म्हणजे क्लबांची साखळी स्पर्धा, सुरू झाली आणि १८९२ मध्ये लोहाराचा हा अठरा वर्षांचा, फिकट चेहऱ्याचा मुलगा डर्बीकडून मैदानात उतरला. १९१४ च्या जानेवारीत तो शेवटचा खेळला, तेव्हा लीगमध्ये त्याच्या नावावर ३५२ गोल होते; तो आकडा पुढच्या पिढीतल्या डिक्सी डीन या गोलवीराने थेट १९३६ मध्ये ओलांडला. इंग्लंडसाठी त्याने २३ सामन्यांत २८ गोल केले, त्यांतले पाच १८९६ मध्ये वेल्सविरुद्ध एकाच सामन्यात.

पण नुसते आकडे पाहू नकोस, त्या वेळचा ऑफसाइडचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या पलीकडे आधीच जाऊन पास घेण्यास मनाई करणारा, नियम ध्यानात घे. आज पुढे पास येताना खेळाडू आणि गोल यांच्यामध्ये गोलरक्षकासह प्रतिस्पर्ध्यांचे दोघे असले की भागते. १९२५ पर्यंत तिघे लागत, आणि १९०७ पर्यंत तर स्वतःच्या अर्ध्या मैदानातही माणूस ऑफसाइड ठरे. एक बॅक (बचावपटू) चार पावले पुढे सरकला की सगळी फॉरवर्ड लाइन (आक्रमक फळी) अडकलीच म्हणून समज. अशा कोंडीत चेंडू थांबवून, पायाखाली घेऊन, मग नेम धरायला उसंत कुठली? ब्लूमर चेंडू येईल तसा, जो पाय जवळ असेल त्या पायाने, गोलरक्षक सावरायच्या आत जमिनीलगत हाणत असे. इनसाइड राइटला, म्हणजे मधल्या आक्रमकाच्या उजव्या हाताला, खेळून त्याने हे वीस वर्षे केले, याचे मला फार मोल वाटते. सुरुवातीला जॉन गुडॉलसारखा जाणता खेळाडू त्याच्या संघात होता, हेही त्याचे भाग्यच.

आणि हाती काय पडले? १९०१ पासून कोणत्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक पगार देण्यास मनाई होती, मग तो कितीही गोल करो. मला याचा आजही राग येतो. एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचे १८९८ आणि १८९९ चे अंतिम सामने तो हरला, १९०६ मध्ये क्लबने त्याला मिडल्सब्रो क्लबला विकले; तरी १९१० मध्ये तो डर्बीला परतला आणि १९१२ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, कर्णधार म्हणून दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून संघाला पुन्हा वरच्या विभागात घेऊन गेला.

पुढची हकिगत वाचून मी बराच वेळ सुन्न बसलो होतो. १९१४ च्या जुलैत तो प्रशिक्षक म्हणून बर्लिनला गेला आणि काही आठवड्यांतच महायुद्ध पेटले. शहराबाहेर रुहलेबेनला घोड्यांच्या शर्यतीचे मैदान होते. तिथल्या तबेल्यांत जर्मनांनी ब्रिटिश नागरिकांना डांबले, त्यांत हाही होता. चाळिशी ओलांडलेला हा माणूस तिथेही फुटबॉल आणि क्रिकेट खेळत राहिला, आणि १९१८ मध्ये सुटला. त्यानंतर स्पेनमध्ये इरूनच्या रेआल युनिओन संघाचा तो प्रशिक्षक झाला; १९२४ मध्ये त्या संघाने रेआल माद्रिदला १-० असे हरवून राजाचा चषक जिंकला.

१९३८ च्या एप्रिलमध्ये तो डर्बीतच वारला. तिथल्या स्टेडियमवर घरच्या संघाच्या बाकाजवळ त्याचा अर्धपुतळा बसवला आहे. उद्या सकाळी तालमीची पोरे सरावाला आली की त्यांना एकदा त्याची गोष्ट सांग, आणि चेंडू न थांबवता जमिनीलगत मारायला लाव. कसे जमले ते मला अवश्य कळव.

तुझा,
दिगंबर