कामगाराच्या बदलत्या वागण्याची वेळीच दखल घ्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कारखान्यात हाणामारी झाली, कुणी कुणावर सळई उगारली, की 'अचानक डोके फिरले' असे म्हणून विषय मिटवला जातो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी सुपरवायझर म्हणून नोकरी केली आहे. त्या अनुभवावरून मला खात्रीने सांगावेसे वाटते की, घटनेच्या आधीचे काही आठवडे नीट तपासले, तर त्यात अचानक म्हणावे असे फारसे काही सापडत नाही. अमेरिकेच्या एफबीआयने 2018 मध्ये सार्वजनिक ठिकाणी गोळीबार करणाऱ्या 63 हल्लेखोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येकाच्या वागण्यात काळजी वाटावी अशी सरासरी चार ते पाच लक्षणे आसपासच्या लोकांना आधीच दिसली होती, असे आढळले. तिकडे बंदूक सहज मिळते, आपल्याकडे मिळत नाही, हे खरे. पण मनात साचत जाणारी सल इथेही तशीच साचते.

ही लक्षणे साधीच असतात. वेळेवर येणारा माणूस पाळी चुकवू लागतो, सर्वांबरोबर डबा खाणारा एकटा बसतो, पगाराची उचल वाढते, जुन्या अपमानाची तीच कहाणी तो पुन्हा पुन्हा सांगतो. 'आता माझे काही राहिले नाही, एकदा दाखवतोच' असे जवळच्या मित्राजवळ बोलतो किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या येण्याजाण्याची विनाकारण चौकशी करतो. यातील एकच गोष्ट दिसली म्हणून कुणावर शिक्का मारणे अन्यायाचे होईल. पाहायचे ते इतकेच, की त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्यात बदल झाला आहे का आणि तो वाढत चालला आहे का.

आपण मात्र भलतीकडेच पाहतो. भट्टीजवळ आरडाओरडा करणाऱ्याला सगळे घाबरतात आणि मनात डूख धरून गप्प राहणाऱ्याला 'शांत माणूस' म्हणतात. धमकी देणारा प्रत्येक जण धोकादायक नसतो आणि हल्ला करणाऱ्यांपैकी अनेकांनी ज्याच्यावर हल्ला केला त्याला आधी थेट धमकी दिलेली नसते, हे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे रक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या नव्वदच्या दशकातील संशोधनातूनही पुढे आले आहे. मानसिक आजार म्हणजे हिंसा, हा समजही तितकाच चुकीचा आहे. आपल्या सीमाभागात यात आणखी एक गफलत होते. एकाच शेडमध्ये मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारे कामगार असतात आणि भांडण झाले की माणसाचे वागणे बाजूला राहून त्याची भाषा, जात आणि गाव पुढे येते. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगाव तालुक्यात बसवाहकाला मारहाण झाली आणि पाहता पाहता भाषेचा वाद पेटून कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन राज्यांमधील बससेवा विस्कळीत झाली. कामावर असलेल्या एका माणसावरचा हल्ला ही मूळ गोष्ट त्या गदारोळात मागे पडली, याचे मला फार वाईट वाटले.

सहकाऱ्यांना बहुतेक वेळा सारे आधी कळलेले असते, तरी ते बोलत नाहीत, कारण बोलले की त्या माणसाची नोकरी जाणार हे त्यांना ठाऊक असते. ठेकेदाराकडील कामगाराला तर 'उद्यापासून येऊ नकोस' एवढेच सांगितले जाते. म्हणूनच सूचना देणे आणि शिक्षा होणे यांची फारकत केल्याशिवाय कोणतीही समिती उपयोगाची नाही, असे माझे ठाम मत आहे. कळवणाऱ्याला खात्री हवी की आधी त्या माणसाशी कुणीतरी त्याच्या भाषेत बोलेल, त्याची अडचण समजून घेईल आणि गरज पडल्यास धारवाडच्या डिमहान्ससारख्या मानसिक आरोग्य संस्थेकडे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकाकडे वाट दाखवेल.

कामावरून काढण्याचा क्षण सर्वांत नाजूक असतो. 2008 मध्ये ग्रेटर नोएडा येथे काढून टाकलेल्या कामगारांच्या वादातून एका कंपनीच्या प्रमुखाचा आणि 2012 मध्ये मनेसरच्या मोटार कारखान्यातील हिंसाचारात मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्याचा जीव गेला. अशा कृत्यांचे समर्थन होऊच शकत नाही. पण गेटवर चारचौघांत ओळखपत्र काढून घेणे आणि हिशेबासाठी महिनोन्महिने खेटे घालायला लावणे, ही आपल्याकडील पद्धत तरी का चालू राहावी? निर्णय एकांतात, कारणांसह सांगावा आणि देणे त्याच वेळी चुकते करावे.

महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. इतर हिंसेबाबत तशी व्यवस्था नाही, आणि कामाच्या जागेवरील हिंसेविरुद्ध आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 मध्ये केलेल्या 190 क्रमांकाच्या करारालाही भारताने मान्यता दिलेली नाही. नव्या कामगार संहितेतील कल्याण अधिकाऱ्याची तरतूद 250 कामगारांपासून पुढे लागू होते, त्यामुळे आपल्या लहान फाउंड्र्या तिच्या कक्षेत येतच नाहीत.

सामायिक सुविधांसाठी येथील उद्योजक एकत्र येऊ शकतात, हे बेळगाव फाउंड्री क्लस्टरने दाखवून दिले आहे. त्याच धर्तीवर उद्यमबाग, मच्छे आणि होनगा येथील लहान कारखान्यांनी मिळून मराठी, कन्नड व हिंदी जाणणारा एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, त्याचा खर्च वाटून घ्यावा आणि त्याला मालक व ठेकेदार यांच्या दबावापासून मुक्त ठेवावे, अशी माझी उद्योजक संघटनांना आणि कामगार खात्याला कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त सुपरवायझर, बेळगाव