सईला, व्हिडिओ रूमच्या नोकरीबद्दल

सई बाळा,

तुझा मेसेज वाचला. फोनवर बोलताना सगळं अर्धवट राहतं म्हणून लिहूनच काढते. कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची ही व्हिडिओ कोऑर्डिनेटरची नोकरी तू घ्यावीस असं मला अगदी मनापासून वाटतं. मावशी म्हणाली, एवढं मास्टर्स करून मॅचच्या क्लिपा कापत बसणार का ती, तर मी तिला बास्केटबॉल कोच नताली नाकासेचं सांगितलं. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, यूसीएलए विद्यापीठात स्कॉलरशिप नसताना टीममध्ये शिरली आणि पुढे कॅप्टन झाली, नंतर जर्मनीत बायकांच्या टीमची कोच, जपानमध्ये चक्क पुरुषांच्या प्रोफेशनल टीमची हेड कोच, आणि एवढं सगळं करून अमेरिकेत परत आल्यावर एनबीएतल्या, म्हणजे पुरुषांच्या मोठ्या लीगमधल्या, क्लिपर्स टीमच्या व्हिडिओ रूममध्ये इंटर्न म्हणून बसली! तिथून हळूहळू असिस्टंट, मग लास वेगासच्या बायकांच्या टीममध्ये हेड कोच बेकी हॅमनच्या हाताखाली २०२२ आणि २०२३ ची टायटल्स, आणि २०२४ ला गोल्डन स्टेट वाल्किरीज या नव्या टीमची हेड कोच. नवी कोरी टीम २०२५ च्या पहिल्याच सीझनला प्लेऑफमध्ये गेली, डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे बायकांच्या लीगमध्ये, नव्याने आलेल्या टीमचं आधी असं कधी झालं नव्हतं, आणि ही कोच ऑफ द इयर. मावशी गप्प झाली.

पण हो म्हणायच्या आधी तुझ्या टीमची हेड कोच कशी आहे ते नीट बघ, कॉलेजच्या नावाला भुलू नकोस. हेड कोचला काढलं की बहुतेक वेळा सगळा स्टाफच घरी जातो, आणि तुझा व्हिसा त्या नोकरीवर असणार. तिच्याकडचे जुने असिस्टंट आज कुठे आहेत ते शोध, कोणी हेड कोच झालंय का, की सगळे वर्षभरात पळाले? मीटिंगमध्ये तुला बसू देणार का, की फक्त फाइल बनवून दारातून द्यायची? हे तोंडावर विचार, लाजू नकोस.

पॅट समिटबद्दल तूच मला सांगितलं होतंस, १९७४ ला बाविसाव्या वर्षी टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या टीमची हेड कोच, महिन्याला २५० डॉलर, मुलींचे युनिफॉर्म स्वतः धुवायची, व्हॅन स्वतः चालवायची. पुढे १०९८ विजय आणि आठ टायटल्स. तेव्हा त्या कामात पैसा नव्हता म्हणून ते बायकांकडे होतं, १९७२ ला अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या टीम्सपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त टीम्सच्या कोच बायका होत्या, त्याच वर्षी मुलींना शिक्षणात आणि खेळात समान संधी देणारा टायटल नाइन कायदा आला, मग पगार वाढले आणि पुरुष आले, आता सगळे खेळ मिळून हा आकडा निम्म्याच्याही खाली आहे. नोत्र डेम विद्यापीठाची तेव्हाची हेड कोच मफेट मॅकग्रॉने ठरवून सगळा स्टाफ बायकांचा ठेवला आणि २०१९ ला हे सगळं जाहीरपणे बोलली, मला ती फार आवडते. असं कोणी मिळालं तर पगार थोडा कमी असला तरी चालेल.

आणि पॅटचा तो किस्सा, १९९० ला रिक्रूटिंगसाठी, म्हणजे टीमसाठी खेळाडू मिळवायला, पेनसिल्व्हेनियाला गेली असताना कळा सुरू झाल्या तरी विमान मध्ये उतरवू दिलं नाही, बाळ टेनेसीतच झालं पाहिजे म्हणून. लोक कौतुकाने सांगतात, मला ऐकून पोटात गोळा येतो. कामासाठी इतकं ओढून घ्यायचं नाही हं. नील आयव्हीने एकटीने मुलगा वाढवला, नोत्र डेमला कितीतरी वर्षं असिस्टंट होती आणि २०२० ला तिथेच हेड कोच झाली, मुलगा २०२२ ला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पाचव्या नंबरवर निवडला गेला. म्हणजे होतं, पण आजूबाजूची माणसं सांभाळून घेणारी लागतात, म्हणून परत तेच, हेड कोच बघ.

बाबा म्हणतायत पैशांचं टेन्शन घेऊ नकोस, पहिलं वर्ष भाड्याला हातभार लावू. हेल्थ इन्शुरन्स त्यांचा आहे का आणि कॉन्ट्रॅक्ट बारा महिन्यांचं की फक्त सीझनपुरतं, एवढं मात्र सही करायच्या आधी लेखी घे आणि मला पाठव, मी आणि बाबा दोघं वाचतो.

आई